कटनीच्या नळावरची बाई

यामिनीचं डोकं सटकलं की ती भांडी घासायला घेते, आणि त्या सोमवारी जबलपुरात अधारतालच्या तिच्या दोन खोल्यांत एक चमचासुद्धा खरकटा उरला नाही.

कारण ओट्यावर पडलं होतं. गुरुग्रामच्या एका कंपनीच्या वकिलाचं पत्र, कुरिअरनं आलेलं, चांगलं सहा पानांचं. आणि सहा पानं खर्चून सांगितलेली गोष्ट काय, तर बाई, तुम्ही आमची वस्तू चोरली आहे.

आता ही वस्तू म्हणजे काय ते ऐका. यामिनी कुणाची नोकर नाही. दहा वर्षं इंदूरच्या कंपन्यांत मान मोडून झाल्यावर ती जबलपूरला परत आली आणि घरी बसून स्वतःच्या नावावर प्रोग्राम लिहायला लागली. दुकानांची बिलं, शाळांची हजेरी, असली कामं पोटासाठी. एक काम मात्र तिनं मनासाठी केलं. जबलपूरजवळच्या कुंडमला एका ट्रस्टची सोनोग्राफीची गाडी दर गुरुवारी जाते. जंगलातल्या गावांतून पोटुशा बायका येतात, कुणी पायी, कुणी टेम्पोत. दिवसाला पंचवीस नंबर, त्याहून जास्त नाही. एखादीच्या वाटेत नाला चढला किंवा टेम्पोनं दगा दिला की तिचा नंबर गेला, आणि पुढल्या खेपेला ती पुन्हा रांगेच्या शेपटाला. असं करता करता दिवस भरायचे, पण नंबर काही लागायचा नाही.

यामिनीनं लिहिलेल्या प्रोग्रामात चुकलेल्या बाईचं नाव पुसलं जात नाही. ती परत आली की एक चुकलेली, एक आजची, पुन्हा एक चुकलेली, एक आजची, अशी नावं निघतात. चुकलेलीचं नुकसान नाही आणि वेळेवर आलेलीवरही अन्याय नाही. एवढंच. प्रोग्राम तिनं इंटरनेटवर उघडा टाकला होता. घ्या, वापरा, बदला, फक्त पुढच्यालाही तसाच उघडा द्या, एवढी एकच अट.

आणि ही एकाआड एक नावं काढायची रीत म्हणे कंपनीनं शोधून काढली होती, तीन वर्षांपूर्वी, आणि तिचं पेटंट घेतलं होतं.

मंगळवारी सकाळी कंपनीचा माणूसच दारात उभा. शैलेंद्र मोहरील. जबलपूरच्याच नेपियर टाउनचा, यामिनीपेक्षा पाच वर्षांनी मोठा, लहानपणी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत दोघं एकाच सतरंजीवर बसलेली. आता कंपनीत बराच वर चढला होता. हातात खोव्याच्या जिलबीचा डबा आणि डब्याखाली एक कागद.

"यामिनी, तू उगाच तापून राहिली," तो खुर्चीत बसत म्हणाला. "कंपनी बंद कर म्हणतच नाही. कुंडमसाठी फुकट परवानगी देऊन राहिली, कायमची. मी स्वतः भांडून मिळवली ही तुझ्यासाठी. तू फक्त इथे सही कर, की ही पद्धत कंपनीची आहे."

"माझ्या कोडमधली एक ओळ तुमची असली तर दाखव. आत्ता पुसते."

"कोडचं कोण बोलून राहिलं? कोड तुझा, त्याचा कॉपीराइट तुझा. हे पेटंट आहे, पद्धतीचं."

"आपल्या कायद्यात नुसत्या प्रोग्रामला पेटंट नाही मिळत, शैलेंद्र भैया. तुमच्या वकिलालाही ठाऊक आहे ते. म्हणून त्याला टोकन छापायचं मशीन चिकटवलं आणि यंत्रणा म्हणून कागद काढला."

शैलेंद्रनं जिलबीचा डबा उघडून तिच्याकडे सरकवला. तिनं तो तसाच परत सरकवला.

"असं बघ," ती म्हणाली, "कुणी स्वयंपाकाचं पुस्तक लिहिलं, तर पुस्तक तिचं. ते मी छापून विकलं तर मी चोर, मान्य. पण म्हणून उद्यापासून आमटीला फोडणी द्यायची तर तिची सही आणायची का मी? रांगेत कुणाला कधी घ्यायचं हे माणसांनी आपसात ठरवायचं असतं. त्याला कुंपण घालणारे तुम्ही कोण?"

"दुनिया अशीच चालते."

"मग चुकीची चालून राहिली."

शैलेंद्र हसला, पण उठताना हसू आवरून म्हणाला, "उद्या संध्याकाळपर्यंत सही नाही आली तर परवा ट्रस्टला नोटीस जाईल. ट्रस्टवाले एका दिवसात बंद करतील, तुलाही माहीत आहे. मग त्या बायकांना तू काय सांगशील ते सांग."

हे मात्र तिला लागलं. आणि तासाभरात ट्रस्टच्या हेमलता दीदींचा फोन आलाच. गाडीचं सगळं त्याच बघतात. शैलेंद्रनं नोटिशीचं त्यांच्याही कानावर घातलं होतं, बिचाऱ्या घाबरून गेल्या होत्या. "यामिनी, सही से क्या बिगड़ता है? या गुरुवारी पंचवीस नावं आहेत. त्यातल्या नऊ मागच्या वेळी चुकलेल्या."

यामिनी फोन ठेवून बसून राहिली. खरंच, सहीनं काय बिघडत होतं? पैसा मागत नव्हते, काम थांबत नव्हतं. पण मग तिच्या डोळ्यांसमोर दुसरीच कुणीतरी आली. मंडल्याची म्हणा, छिंदवाड्याची म्हणा, आपल्या गावच्या रेशनच्या रांगेसाठी असंच काही लिहिणारी. तिला नोटीस जाईल तेव्हा सोबत यामिनीची सही जोडलेली असेल. बघा, जबलपूरच्या बाईंनीही कबूल केलंय. आपल्या सहीनं दुसरीचे हात बांधले जायचे.

आणि तेव्हाच तिला आठवलं की ही रीत कंपनीची नव्हती हे तर खरंच, पण तिची स्वतःची तरी कुठे होती?

बुधवारी सकाळी ती सराफ्याच्या मागच्या गल्लीत सत्यभामा काकूंकडे गेली. काकू ऐंशीच्या. नवरा रेल्वेत होता, तो जाऊनही वीस वर्षं झाली. मंडळाच्या गणपतीची आरती कुणाच्या हातची, याची यादी चाळीस वर्षं काकूंकडे. जबलपूरची मराठी घरं म्हणजे अर्धी रेल्वेत, अर्धी फॅक्टरीत नाहीतर सरकारी ऑफिसात. दर वर्षी दोन-चार घरं बदलीवर जायची. ती परत आली की त्यांची आरती कधी, यावरून पूर्वी मंडळात नुसता गोंधळ व्हायचा. मग काकूंनी नियम घातला. बदलीवर गेलेल्याचं नाव खोडायचं नाही. परत आला की एक बदलीवाला, एक इथला. यामिनी सहा-सात वर्षांची असल्यापासून ती यादी भिंतीवर बघत मोठी झाली होती. कुंडमचा प्रोग्राम लिहिताना ती रीत हातातून आपोआप उतरली, कुठून आली हे तिनं मनाला विचारलंसुद्धा नाही.

"काकू, तो नियम कधी छापला होता का?" तिनं सगळी हकीकत सांगून विचारलं. "यांच्या पेटंटच्या आधी छापून लोकांसमोर आलेला असला, तर हे नवं शोधलं म्हणायला त्यांना तोंड नाही राहणार."

काकूंनी कपाटातून एक पिवळी पडलेली स्मरणिका काढली. १९९१. नियम छापलेला होता, चांगलं अर्धं पान, आणि खाली त्या वर्षीची यादी. यामिनीनं फोटो काढायला फोन वर धरला, तशी काकूंनी स्मरणिका मिटून घेतली.

"काहून? विचारलंस मला?"

"काकू, त्यात काय विचारायचं?"

"शेवटच्या पानावर वाच."

यामिनीनं वाचलं. सर्व हक्क स्वाधीन. परवानगीशिवाय यातील कोणताही मजकूर वापरता येणार नाही. आरतीची यादी, हळदीकुंकवाचे फोटो आणि मसाल्याच्या दुकानाची जाहिरात, यांचे सर्व हक्क स्वाधीन. तिला हसू आलं.

"हसून नको राहू. पुण्याच्या पुस्तकांत असायचं, म्हणून मीच छापखान्यात सांगून टाकून घेतलं. आपण काय कमी आहोत?" काकूंचा आवाज चढला. "आठ दिवस भांडले मी या नियमासाठी. तुझ्या आजोबांशीपण. आणि तू तो उचलून सरळ कॉम्प्युटरात टाकला. माझं नाव टाकलं का कुठे?"

यामिनीनं जीभ चावली. प्रोग्रामच्या पहिल्या पानावर एकच नाव होतं, आणि ते यामिनीचं होतं. गेले दोन दिवस ती जगाला दटावत फिरत होती, आणि इथे एका म्हातारीनं तिला दोन वाक्यांत चोर ठरवलं. वाईट म्हणजे ते खोटंही नव्हतं. तिला मनापासून लाज वाटली.

"चुकलं माझं, काकू. आज टाकते तुमचं नाव. रीत सत्यभामा काकूंची, असं."

काकू खूश व्हायला हव्या होत्या. पण त्यांनी स्मरणिका जवळ ओढून तिच्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "माझी पण नाही ती."

"मग?"

"लग्न होऊन कटनीला गेले, रेल्वेच्या चाळीत. एकच नळ, सकाळी तासभर पाणी. ज्यांचे नवरे रातपाळीवरून यायचे त्या बाया उशिरा पोचायच्या, त्यांच्या कळशा मागे ढकलल्या जायच्या. रोज मारामारी. मग तिथली एक बाई उठली, इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनची बायको. म्हणाली, एक उशिरावाली, एक वेळेवाली, सगळ्यांचं पाणी भरेल. आणि भरलं बघ. दुसऱ्या वर्षी त्यांची बदली झाली, गेली ती." काकूंनी पदरानं चष्मा पुसला. "हिंदी बोलायची. नाव काय होतं, आठवूनच नाही राहिलं. चाळीस वर्षं लोक माझं कौतुक करून राहिले आणि मी ऐकून घेतलं."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग काकूंनी विचारलं, "त्या कंपनीचा माणूस कोण म्हणालीस?"

"शैलेंद्र. मोहरिलांचा."

काकूंनी स्मरणिका पुन्हा उघडली, यादीवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "बोलाव त्याला. चहाला म्हण."

चारला शैलेंद्र आला. यामिनी सही करणार म्हणून बोलावलं, असं समजून तो कागद आणि पेन घेऊनच आला होता. काकूंच्या पाया पडला. काकूंनी चहा दिला, तब्येत विचारली, बाबांना जाऊन किती वर्षं झाली ते विचारलं, आणि स्मरणिका त्याच्या मांडीवर ठेवली.

"वाच. मोठ्यानं."

शैलेंद्रनं नियम वाचला. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. मग यादी. पहिल्या ओळीवर तो थांबला.

"वाच की."

"एक. मोहरील. इटारसीहून परत."

"तीन वर्षं इटारसीला होते तुझे बाबा," काकू म्हणाल्या. "परत आले तेव्हा काही लोक म्हणाले, नव्यानं शेवटून लावा यांचं नाव. मी नाही ऐकलं. पहिल्या दिवशीची आरती दिली. तू होतास, तबक धरून. बाबा रडले होते तुझे, आठवतं?"

शैलेंद्रला आठवत होतं. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. तरीपण तो कंपनीचा माणूस, म्हणाला, "काकू, हे मी वर कसं दाखवू? आणि यावर सर्व हक्क स्वाधीन आहेत. मंडळाची परवानगी लागेल, वकील तेच पकडतील."

काकूंनी त्याच्याच हातातलं पेन घेतलं. शेवटच्या पानावरची ती ओळ खोडली. एकदा नाही, चांगली तीनदा, खालचं अक्षर दिसणार नाही अशी. बाजूला सही केली, तारीख घातली आणि लिहिलं, संपादिका.

"ही ओळ माझीच होती," त्या म्हणाल्या. "मूर्खपणा पण माझाच. आता कुणी पण छापा."

परवानगी खरी मंडळानं द्यायची होती, आणि छापलेलं पान पुरावा म्हणून दाखवायला ती लागतही नाही. हे यामिनीला कळत होतं. पण काकूंचा मान तिला मोडायचा नव्हता. तिनं पानांचे फोटो काढले आणि कंपनीचा कागद पुढे ओढला. मजकूर जाड अक्षरात होता. या पद्धतीचे मूळ शोधक म्हणून मी मान्यता देते, आणि पुढे कंपनीचं नाव. यामिनीनं ते नाव खोडलं आणि वर लिहिलं, कटनीच्या नळावरची बाई. नाव माहीत नाही. खाली सही ठोकली.

"घे," ती म्हणाली. "सही पाहिजे होती ना तुला. सोबत स्मरणिकेचे फोटो पाठवते. आणि पुढची नोटीस ट्रस्टला नको. माझ्या नावानं, अधारतालच्या पत्त्यावर. पेटंट रद्द करा म्हणून माझा अर्ज जाईलच, तिथे भेटू."

"तुला महागात पडेल, यामिनी."

"पडू दे. मी हटणार नाही."

शैलेंद्रनं कागदाची घडी घातली. फाडला नाही, टेबलावर टाकूनही गेला नाही. नीट खिशात ठेवला. दारापाशी जाऊन तो थांबला आणि काकूंना म्हणाला, "त्या यादीचा एक फोटो मलापण पाहिजे होता. आईला दाखवायला."

"घे की," काकू म्हणाल्या. "विचारतोस काय?"

गुरुवारी साडेआठला हेमलता दीदींचा कुंडमहून फोन आला. मागे बायकांचा गलका ऐकू येत होता. "यामिनी, क्या करूँ? चालू करू का बंद?"

"चालू करा, दीदी. कुणी विचारलं तर माझा नंबर द्या."

तिनं समोर प्रोग्रामचं पहिलं पान उघडलं होतं. कोड कुणी लिहिला, तिथे तिचं नाव होतं, ते तिनं राहू दिलं. त्याखाली रीत कुणाची अशी नवी ओळ घातली होती, आणि त्या ओळीत तीच बिननावाची बाई होती. फोनवर दीदींनी पहिलं नाव पुकारलं. मागच्या गुरुवारी नाल्यापलीकडे अडकलेली होती ती. लांबून कुणीतरी ओ दिली.