अश्वजीतच्या उजव्या गुडघ्यावरून

मी बोलतोय तो एका गुडघ्यावरून. माझा आवाज थोडा थरथरेल, कारण हा गुडघा एक क्षणही स्थिर नाही. समोर ट्रॅकच्या तोंडाशी लाल दिवा लागलाय. तो हिरवा होईपर्यंत जेवढं सांगता येईल तेवढं सांगतो.

तुम्ही मला ओळखत नसाल. शर्यतीचे फोटो पाहताना सगळ्यांचं लक्ष मोटरसायकलकडे जातं, नाहीतर हेल्मेटकडे. वळणावर स्वार गाडीसकट इतका झुकतो की त्याचा गुडघा रस्त्याला टेकतो. त्या गुडघ्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये तळहाताएवढा, जाड, काळ्या प्लास्टिकचा तुकडा असतो. तो मी. मला स्लायडर म्हणतात. चामड्याच्या सूटवर मला चिकटपट्टीनं लावतात आणि ओढलं की कर्र आवाज करत मी सुटतो. मी रस्त्याला लागलो की स्वाराला कळतं, किती झुकलोय आणि अजून किती झुकता येईल.

माझा जन्म साच्यात झाला. गरम, पातळ असा आत गेलो आणि घट्ट होऊन बाहेर पडलो. माझ्यासोबत माझा जुळा भाऊ होता, डाव्या गुडघ्यासाठीचा. दुकानात आम्ही एकाच पुठ्ठ्यावर टांगलेले असायचो. तो स्वभावानं शांत. पंख्याचा वारा आला तरी हलायचा नाही. मला मात्र पहिल्या दिवसापासून चैन पडेना. गिऱ्हाईक दारात आलं की मला वाटायचं, ने, मला ने, कुठेही ने.

शेवटी कोइमतूरच्या एका रेसिंग संघानं आम्हाला नेलं. संघाचे व्यवस्थापक चंद्रशेखर सर. त्यांनी आम्हाला नव्या सूटवर लावलं आणि तो सूट एका सडपातळ मुलाच्या हातात दिला. तो अश्वजीत, जबलपूरचा. भोपाळला झालेल्या निवड चाचणीत त्यानं सगळ्यांना मागे टाकलं होतं. त्याआधी विजय नगरमधल्या घरापासून आई काम करते त्या शाळेपर्यंत तिला स्कूटरवर सोडणं, एवढंच त्याचं रेसिंग.

"अब ये शौक नहीं है," सर म्हणाले. "अब ये नौकरी है."

अश्वजीतनं मान हलवली. त्याचा गुडघाही हलला. तेव्हाच मी ओळखलं, हा माझ्यासारखाच आहे.

पहिल्यांदा रस्ता लागला तो दिवस मी विसरणार नाही. अश्वजीत झुकत गेला, झुकत गेला आणि खर्र! मला वाटलं मी फाटलो. पुढच्या वळणावर मीच वाट पाहायला लागलो. कोइमतूरचा ट्रॅक उजवीकडे जास्त वळतो, त्यामुळे मी भराभर झिजायचो आणि माझा भाऊ नवाच्या नवा. तो मला विचारायचा, तुला दुखत नाही का? मी म्हणायचो, थांबलो की दुखतं.

दोन हंगामांच्या मधे अश्वजीत सुट्टीवर घरी आला. शेजारच्या काकूंना सूट बघायचा होता, म्हणून तो अंगात घालून सोफ्यावर बसला आणि लगेच गुडघा नाचवायला लागला. इतक्यात एक हात सरळ येऊन माझ्यावर पडला आणि गुडघा दाबून धरला. मऊ, पण वजनदार हात. ती त्याची आई, राखी. राइट टाउनच्या एका शाळेत ऑफिसात काम करते.

"पाय काहून हलवून राहिला सारखा?" ती म्हणाली. "विहारात वंदनेला बसला तरी हाच तमाशा! सगळे डोळे मिटून बसतात अन् याचा गुडघा शिवणयंत्रासारखा चालू."

"अन् तू स्कूटरवर मागे बसून काय करते?" अश्वजीत म्हणाला. "मी उजवीकडे वळलो की तू डावीकडे झुकते. कितीदा सांगितलं, वळणासोबत झुकायचं."

"तू पडशील म्हणून सावरते ना मी!"

"अगं, त्याच्यानंच पडेल मी."

काकू हसून हसून लोळल्या. आई हसली नाही. तिचं बोट माझ्यावरच्या ओरखड्यांवर फिरत होतं. तिला ते आवडले नाहीत, हे मला बोटातून कळलं.

पुढचा हंगाम आमचा होता. चेन्नईजवळच्या ट्रॅकवर अश्वजीत तिसरा आला. वर्तमानपत्रात त्याचा फोटो छापून आला आणि त्यात मी स्पष्ट दिसत होतो. मी स्वारांना जवळून पाहिलंय. शर्यतीआधी कुणी एकसारखे हातमोजे काढतो आणि घालतो, कुणी उगाच मोठ्यानं हसतो, कुणी टाकीवर हात फिरवत गाडीशी बोलतो. भीती वाटते असं मात्र कुणीच म्हणत नाही. अश्वजीतही म्हणायचा नाही.

मग गेल्या वर्षी हंगामाच्या मधल्या शर्यतीत एका उजव्या वळणावर पुढचं चाक निसटलं. चूक कुणाचीच नव्हती. मी नेहमीसारखा रस्त्याला टेकलो, पण या वेळी वर उठलोच नाही. आम्ही घासत गेलो, घासत गेलो, मग सगळं उलटंपालटं झालं. हॉस्पिटलमध्ये सूट कापून काढला. त्या गोंधळात माझा भाऊ कुठे गेला, मला आजवर माहीत नाही. त्याच्या शांतपणावर मी किती चिडायचो! आता कधी कधी वाटतं, त्यानं एकदा तरी काही विचारावं.

मला कुणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत टाकलं. ती पिशवी आईच्या हातात आली. जबलपूरला पोचल्यावर ती तिनं स्कूटरच्या हुकाला अडकवली आणि काही दिवसांनी मला समोरच्या कप्प्यात टाकून दिलं. तिथे पुसायचं फडकं होतं, पाण्याची अर्धी बाटली होती आणि सुकलेला कढीपत्ता होता. अश्वजीतच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी कप्प्यात, तो पलंगावर. मी वाट पाहत होतो. तो पाहत होता की नाही, मला कळत नव्हतं.

माझे सर्वात वाईट दिवस मात्र पुढे आले. विहाराच्या दारात बांधकामाची वाळू पडलेली असते. स्कूटर लावली की स्टँड वाळूत रुतायचं. एके दिवशी आईनं कप्प्यात हात घातला, मला काढलं आणि स्टँडखाली सरकवलं.

"हे बरं आहे," ती खूश होऊन म्हणाली. "रुतत नाही."

अश्वजीत शेजारीच कुबडी घेऊन उभा होता. त्यानं पाहिलं आणि कुबडी टेकत आत गेला.

विचार करा. मला जमीन हवी होती आणि जमीन मिळाली. पण न हलणारी! वर स्कूटरचं सगळं वजन. रविवारमागून रविवार. स्टँडचं टोक माझ्यात रुतत गेलं आणि एक खड्डा पडला. इतक्या शर्यतींनी मला जे केलं नव्हतं ते त्या उभ्या स्कूटरनं केलं.

थंडी सरली. डॉक्टर म्हणाले, गुडघा पक्का झाला, गाडी चालवायला हरकत नाही. थोड्या दिवसांनी मायलेक बाजारात आली. आई भाजी घेत होती, अश्वजीत स्कूटरपाशी उभा होता. तेवढ्यात फोन आला. चंद्रशेखर सरांचा.

"महीने के आख़िर में टेस्ट है," सरांचा आवाज मला ऐकू येत होता. "तुम आओगे तो सीट तुम्हारी. नहीं तो मुझे दूसरा लड़का लेना पड़ेगा. डॉक्टर ने हाँ बोला ना?"

"हाँ सर, लेकिन..." अश्वजीत अडखळला. "मम्मी मना कर रही हैं."

भाजीची पिशवी घेऊन आई मागेच उभी होती. तिनं ते ऐकलं. तिनं कधीही मना केलं नव्हतं. पण आता तिला काहीच करायची गरज नव्हती. फक्त गप्प राहिलं असतं तर मुलगा कायमचा घरी राहिला असता. धडधाकट, तिच्या डोळ्यांसमोर. तिनं पिशवी हुकाला अडकवली आणि मागे बसली. ती खरंच गप्प राहिली.

मी मात्र कप्प्यातून एक गोष्ट रोज पाहत होतो. अश्वजीत स्कूटर चालवायला लागला होता, पण इतकी हळू की सायकलवाले पुढे जायचे. आणि तो उजवीकडे वळायचाच नाही. चौकात उजवीकडे जायचं असलं की तो डावीकडे घ्यायचा, मग पुन्हा डावीकडे, गल्लीबोळांतून फिरून शेवटी हव्या त्या रस्त्याला लागायचा. आणखी एक गोष्ट. सिग्नलला पाय टेकून उभा राहिला की त्याचा गुडघा हलत नसे. अगदी दगड झाला होता.

मला वाटलं होतं, हे फक्त मलाच दिसतंय. पण एका रविवारी विहारात जाताना चौक आला आणि आई मागून म्हणाली, "उजवीकडे घे."

अश्वजीतनं डावीकडे घेतली.

"अरे, उजवीकडे म्हटलं ना मी."

"इकडून मोकळं आहे, आई."

"कुठं मोकळं? गाय बसून आहे रस्त्यात. थांबव."

तो थांबला. ती उतरून समोर आली.

"उतर. मी चालवते."

"लोक पाहतील ना."

"पाहू दे. लोकांना काय माहीत तू कोण आहे. चल, मागं बस."

आईनं स्कूटर वळवली, चौकात आणली आणि उजवीकडे घेतली. त्याबरोबर अश्वजीत ताठ झाला आणि चक्क डावीकडे कलला! स्कूटर डगमगली.

"अरे, पाडतो काय मला?" आई ओरडली. "असा उलटा काहून झुकून राहिला? वळणासोबत झुक!"

मग अश्वजीत हसायला लागला. अपघातानंतर त्याचं हसणं मी प्रथमच ऐकलं. आईनं स्कूटर कडेला घेतली, पण ती हसत नव्हती.

"सरांना काय सांगितलं तू? मम्मी मना करते? मी कधी मना केलं?"

"तुला भीती वाटते ना."

"वाटते. रोज वाटते. पण ती माझी आहे, मी सांभाळते. तुझी भीती माझ्या नावावर काहून टाकून राहिला?"

अश्वजीत हळूच म्हणाला, "उजवीकडे वळायचं म्हटलं की मला भीती वाटते."

सगळे हंगाम मी ज्या वाक्याची वाट पाहिली, ते कुणातरी स्वाराच्या तोंडून शेवटी बाहेर पडलं.

आता "राहू दे मग, नको जाऊ" म्हणणं किती सोपं होतं! आई पुढच्या सीटवरून उतरली आणि मागे जाऊन बसली.

"चल," ती म्हणाली. "चौकाला चक्कर मार. मी पण उजवीकडेच झुकते."

आपल्याकडच्या चौकाला फेरी मारायची म्हणजे सतत उजवीकडे वळत राहायचं. पहिली फेरी रांगत झाली. अश्वजीतचे हात हँडलला चिकटून बसले होते, आणि मागे आई डोळे घट्ट मिटून, पण उजवीकडे झुकलेली. दुसरी फेरी थोडी बरी. मग स्कूटर सैल झाली, झुकायला लागली. कप्प्यात मी या कडेवरून त्या कडेवर आपटत होतो. जमीन जवळ येत होती!

कोपऱ्यावरचा चहावाला केव्हापासून बघत होता. शेवटी त्याला राहवेना.

"काए भैया, रस्ता भूल गए का?"

"नहीं भैया," आई मागून ओरडली, "याद कर रहे हैं!"

विहारात पोचायला उशीर झाला. स्कूटर लावताना आईनं सवयीनं कप्प्यात हात घातला. अश्वजीतनं मला तिच्या हातातून काढून घेतलं.

"हे नको."

"मग माझी गाडी कशावर उभी राहील?"

"वीट आणतो."

थोडा लंगडत तो बांधकामाकडे गेला आणि अर्धी वीट घेऊन आला. मला त्यानं पांढऱ्या कुर्त्याच्या खिशात टाकलं. अशा रीतीनं मी पहिल्यांदा वंदनेला बसलो. सगळ्यांचे डोळे मिटलेले. पंचशीलाचे शब्द एका सुरात चाललेले. आणि मधेच मला एक हादरा जाणवला. बारीकसा. मग दुसरा. अश्वजीतचा गुडघा हलायला लागला होता.

आईनं एक डोळा उघडला. तिचा हात सवयीनं उठला, गुडघ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मग तिनं तो परत नेला आणि पुन्हा हात जोडले. तिचे ओठ पुढचे शब्द म्हणत होते.

वंदना संपल्यावर अश्वजीतनं बाहेर येऊन सरांना फोन केला.

आज टेस्ट आहे. सूट नवा आहे. डाव्या गुडघ्यावर एक चकचकीत अनोळखी स्लायडर आहे, माझ्याशी बोलत नाही. उजवीकडेही नवा लावणार होते, पण अश्वजीत म्हणाला, इसमें अभी जान है. चंद्रशेखर सरांनी मला निरखून पाहिलं. ओरखडे त्यांच्या ओळखीचे, खड्डा नव्हता.

"ये गड्ढा किस ट्रैक का है?"

"जबलपुर का, सर."

सरांना कळलं नाही. ते पुढच्या गाडीकडे वळले.

मी आता पातळ झालोय. आजचा दिवस टिकलो तरी फार पुढे जाईन असं वाटत नाही. त्याचं मला काही नाही. जाण्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही कधी कुणाच्या मागे बसाल आणि तो वळायला लागेल, तेव्हा तुम्हालाही भीती वाटेल. वाटू द्या. पण उलटे झुकू नका.

दिवा हिरवा झाला. गुडघा हलायचा थांबलाय, पण दगड झालेला नाही.

पहिलं वळण उजवीकडचं आहे. आम्ही झुकतोय.