भगिनीभेटीची फाईल

मालतीबाईंची इच्छा फुटाण्याएवढी होती. परभणीला जाऊन थोरल्या बहिणीला, भामाअक्काला, एकदा भेटून यायचं. अक्काला विसर पडू लागला होता. नातवंडांची नावं गेली, मग सुनेचं गेलं, पण रविवारी फोन लावला की "माले, कधी येतेस गं?" एवढं अजून शाबूत होतं. ते किती दिवस टिकेल हे डॉक्टरही सांगत नव्हते. हैदराबादेत काचीगुड्याचं स्टेशन घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आणि तिथून परभणीची थेट गाडी. यात अवघड ते काय?

अवघड होते त्यांचे यजमान, नरहरराव. सचिवालयातून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण डोक्यातलं टेबल काही हललं नव्हतं. त्यातच ते दिलसुखनगरला एका कोचिंग सेंटरच्या हॉलमध्ये 'इच्छेकडून उद्दिष्टाकडे' नावाचं दोन दिवसांचं शिबिर करून आले. शिकवणारा युवराज नावाचा पंचविशीतला सूटवाला पोरगा. स्वतःचं लग्न, नोकरी, घर यांतलं एकही उद्दिष्ट अजून त्याच्या हाती लागलं नव्हतं. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेला! घरी आल्या आल्या नरहररावांनी बायकोची इच्छा ताब्यात घेतली.

"'एकदा जाऊन यायचं' हे फार मोघम आहे, मालती. उद्दिष्ट कसं, मोजता आलं पाहिजे."

"अहो, तिकीट काढायचं आणि गाडीत बसायचं. त्यात काय मोजायचं?"

"हौ, आणि तुझे गुडघे? पक्का बंदोबस्त नको?"

झालं, फाईल उघडली. विषय : सौ. मालती यांची परभणी येथील भगिनीभेट. पहिला टप्पा, महिनाभर रोज गच्चीवर दोन हजार पावलं. दुसरा, कोठी भागातल्या डॉक्टरांचं पत्र. तिसरा, अक्कासाठी साडी. प्रत्येक टप्प्यापुढे तारखेचा रकाना आणि त्याच्या शेजारी 'सुधारित तारीख' असा दुसरा. हा दुसरा रकाना त्यांनी आधीच रुंद आखून ठेवला होता, यावरून माणूस ओळखावा. एके दिवशी पाहुणे आले म्हणून पावलं अठराशेच भरली, तर महिना पुन्हा पहिल्यापासून मोजायचा ठरला.

तुम्ही म्हणाल, बाईंनी खडसावलं का नाही? सदतीस वर्षं मराठी शाळेत मुलांना वठणीवर आणणारी ही बाई नवऱ्यापुढे मात्र निमूट गच्चीवर फेऱ्या मारत होती. एकटीने कधी प्रवास केला नव्हता ना!

कहर झाला तो मंडळात. या फाईलवर नरहररावांनी मराठी मंडळात व्याख्यान दिलं आणि मंडळाने त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. न झालेल्या प्रवासाचा सत्कार! आमच्या हैदराबादी मराठी मंडळींना टाळ्या वाजवायला निमित्त लागतं, काम झालंच पाहिजे असं नाही. मालतीबाई पहिल्या रांगेत नारळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. खोटं कशाला बोला, त्या दिवशी त्यांनाही जरा बरंच वाटलं होतं.

असे चार महिने गेले. मग एका रविवारी फोनवर अक्का म्हणाली, "कोण बोलतंय?"

दुसऱ्या दिवशी नरहरराव आंघोळीला गेले असताना मालतीबाईंनी पिशवीत दोन साड्या कोंबल्या. बाथरूमच्या दाराशी जाऊन "मी परभणीला चालले" एवढं सांगितलं, आणि आतून "अगं, तिसरा टप्पा..." ऐकू येईपर्यंत त्या जिना उतरल्या होत्या. रिक्षावाला म्हणाला, "टेसन? बैठो अम्मा." तिकीट मिळालं, खिडकीची जागाही मिळाली. गुडघ्यांनी हूं की चूं केलं नाही.

संध्याकाळी परभणीला अक्काच्या सुनेने, कविताने, दार उघडलं. अक्का खाटेवर बसून शेंगा सोलत होती. तिने वर पाहिलं आणि ओळख नसलेल्या माणसाकडे पाहून हसावं तसं हसली.

"या, बसा बाई. कुणाकडं आलात?"

"अक्का, मी मालती."

"मालती येणार आहे," अक्का मान डोलवत म्हणाली. "हैदराबादला असती. चार महिने झाले, येते येते म्हणती."

कविता पाणी आणायला आत गेली. मालतीबाईंना नवऱ्याचा संताप आला, पण तो फार वेळ टिकला नाही. नवऱ्याने काही दाराला कुलूप लावलं नव्हतं. त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि ताटातल्या शेंगा सोलू लागल्या.

"तुम्ही ओळखता का हो तिला?" अक्काने विचारलं.

"ओळखते," मालतीबाई म्हणाल्या. "तिची वाट बघू नका. काही कामाची नाही ती."

अक्काचा हात थांबला. "असं बोलू नका बाई," ती म्हणाली. "माझी बहीण हाय ती." आणि तिने शेंगांचं ताट आपल्याकडे ओढून घेतलं.