स्वेच्छेने लावलेला कांदा

व्हिडिओ जेमतेम मिनिटभराचा होता. सायखेड्याच्या अलीकडे गोदाकाठचं एक वावर, त्यात ओळीने वाकलेले वीस-पंचवीस जवान. अंगात बनियन, खाली गणवेशाची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात कांद्याच्या रोपांच्या जुड्या. बांधाला लागून लष्कराचा हिरवा ट्रक. रस्त्याने जाणाऱ्या कुणीतरी मोबाईल काढून विचारलं होतं, "कोनाचं वावर हे, भाऊ?" त्यावर कॅमेऱ्याजवळचा एक पोरगेला जवान मान वर न करताच म्हणाला होता, "साहेबांचं. भरती व्हायच्या आधीबी मी ह्याच गावात कांदा लावायला यायचो. तवा मजुरी तरी भेटायची."

या शेवटच्या वाक्याने घोळ केला. रात्रीतून व्हिडिओ नाशिकभर पसरला, आणि सकाळच्या चहाच्या आत सगळ्या बाजूंनी येऊन मेजर हर्षाली देवरेच्या फोनवर आदळला.

हर्षाली छावणीची जनसंपर्क अधिकारी होती. मूळची सिग्नल्स या संदेशवहन शाखेतली, पण घर देवळ्याचं, मराठी चांगलं, बोलणं गोड, म्हणून छावणीप्रमुख ब्रिगेडियर साहेबांनी तिला या खुर्चीत आणून बसवलं. दोन वर्षांत तिने मॅरेथॉन, रक्तदान, वृक्षारोपण आणि तोफांसमोर सेल्फी काढणारी शाळेची पोरं, याखेरीज कशावरही प्रेस नोट लिहिली नव्हती. तोफेपेक्षा तिला आता झाडांबद्दलच जास्त लिहिता येत होतं.

ब्रिगेडियर साहेबांच्या केबिनमध्ये ती पोचली तेव्हा कर्नल सबनीस आधीच बसलेले होते. छावणीचा सगळा कारभार सबनीसांच्या हातात. ट्रक त्यांचे, ड्युट्या त्यांच्या. निवृत्ती तोंडावर आलेली. वावर त्यांचं होतं हे छावणीत सगळ्यांना ठाऊक होतं. निवृत्तीनंतर मातीत हात घालायचे, असं ते मेसमध्ये दर शनिवारी सांगत. तूर्तास मातीत हात दुसऱ्यांचे होते, एवढंच.

"जमीन माझी नाहीच मुळी," सबनीस म्हणाले. "कागद काढून बघा. खंडेराव म्हणून एक शेतकरी आहे, त्याच्या नावावर आहे."

हे खरं होतं. सबनीसांच्या घराण्यात कुणी कधी शेती केलेली नव्हती, त्यामुळे त्यांना शेतजमीन घेता येत नव्हती. म्हणून पैसा साहेबांचा आणि नाव खंडेरावाचं, असा मार्ग निघाला होता. खंडेराव तिथंच पत्र्याच्या खोलीत राहून राखण करायचा.

हर्षालीने मसुदा पुढे ठेवला. 'सदर प्रकरणाची चौकशी करण्यात येत असून दोषींवर योग्य ती कारवाई होईल.'

ब्रिगेडियर साहेबांनी पेन काढलं. "चौकशी नको. चौकशी म्हटलं की लोकांना वाटतं, काहीतरी घडलंय." त्यांनी शब्द खोडला. मग 'दोषी' खोडला. मग 'कारवाई'. 'प्रकरण' हा शब्द त्यांनी जरा वेळ जिभेवर घोळवला आणि तोही खोडला. क्रियापदं सोडली तर कागदावर 'सदर' आणि 'योग्य ती' एवढंच उरलं.

"मेजर," ते म्हणाले, "हमें जवाब नहीं देना है. माहौल बनाना है."

माहौल दुपारपर्यंत तयार झाला. 'सैन्यदल व स्थानिक शेतकरी यांच्यातील जिव्हाळा वृद्धिंगत व्हावा या हेतूने, छावणीतील जवानांनी सुट्टीच्या दिवशी स्वेच्छेने, मजुरांअभावी अडचणीत सापडलेले सायखेड्याचे शेतकरी श्री. खंडेराव यांना हंगामी पिकाच्या लागवडीत मदतीचा हात दिला.' कांदा हा शब्द साहेबांना चेष्टेचा वाटला, म्हणून हंगामी पीक. शेवटी एक वाक्य स्वतः सबनीसांनी सांगितलं: 'कर्नल सबनीस यांचा सदर जमिनीशी व तीवरील पिकाशी कोणताही संबंध नाही.'

हर्षालीने विचारलं, "सर, हे नक्की ठेवायचं? पिकासकट?"

"नक्की. आणि ठळक अक्षरात."

तिने ठळक केलं. खाली तिचीच सही होती. सही करताना तिचा हात अडला वगैरे काही नाही. पण संध्याकाळी घरी जाताना तिला वाटलं, आपण आज दिवसभर खोटं एकही वाक्य लिहिलं नाही, आणि खरंही नाही.

दुसऱ्या दिवशी पत्रकारांना वावरात न्यायचं ठरलं. हर्षाली आधी एकटीच गेली, सगळं नीट बसवायला. खंडेराव आणि त्याची बायको भागुबाई खोलीपुढे बसले होते. त्याने प्रेस नोट हातात घेऊन दोनदा वाचली.

"म्हंजी ताई, वावर माझं?"

"कागदावर आधीपासून तुमचंच आहे ना, काका."

"कागदावर हाय वो. पर आता लष्करबी म्हनतंय?"

"हो."

"आन पीकबी?"

हर्षालीने पुन्हा शेवटचं वाक्य पाहिलं. "पीकही."

भागुबाई म्हणाली, "मंग साहेबांचं काय ऱ्हायलं त्यात?"

"मार्गदर्शन," हर्षाली म्हणाली.

मग तिने व्हिडिओतल्या त्या जवानाला छावणीतून बोलावून घेतलं. मनोज नाव, हरसूलकडचा. घरी भात आणि नागली. बाप अजूनही थंडीत मुकादमाच्या पिकअपमध्ये बसून कांदालागवडीला या बाजूला उतरायचा. मनोज सावधान उभा होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

"मनोज, पत्रकार विचारतील. तू स्वेच्छेने आला होतास, एवढंच सांगायचं."

"जी मॅडम."

"स्वेच्छेने म्हणजे कळतं ना?"

"कळतं मॅडम. हुकूम झाल्यावर ना नाय म्हनायचं."

तिने त्याला दुरुस्त केलं नाही. सैन्यात दहा वर्षं काढल्यावर याहून बरी व्याख्या तिलाही देता आली नसती.

पत्रकार आले. त्यांत मयूर नावाचा एक न्यूज पोर्टलवाला होता, स्वभावाने खवट. त्याने थेट मनोजपुढे माईक धरला. "तुम्ही इथं कसे आलात?"

"स्वेच्छेने."

"याआधी कधी आला होतात?"

"रोपं टाकली तवाबी स्वेच्छेने आलो. वाफे बांधले तवाबी. विहिरीतला गाळ काढायला पन स्वेच्छेने. साहेबांचा सोलरचा पंप बसवला त्या दिवशी ताप होता, तरी स्वेच्छेने."

मयूर हसायला लागला, आणि पुढचा प्रश्न त्याच्या ओठावर होता तोच खंडेराव मध्ये आला. डोक्याला धुतलेलं उपरणं, हात जोडलेले. "या पोरांचे उपकार फेडता यायचे नायत. मजूर मिळंना, रोप वाळून चाललं व्हतं. माझ्या ह्या वावरात देव आले, देव! आन आमचे सबनीस साहेब, त्यांचा या जमिनीशी काडीचा संबंध नाय, पिकाशी नाय, तरीबी किती जीव लावला!" भागुबाईने डोळ्यांना पदर लावला. कॅमेरे तिकडे वळले. दुसऱ्या दिवशी सगळीकडे तो पदर छापून आला, मनोजचं बोलणं कुठंच नाही.

ब्रिगेडियर साहेब खूश झाले. वर, मुख्यालयात तर फारच खूश झाले. तिथून विचारणा आली, हा उपक्रम पुढे कसा नेणार? उपक्रम नव्हताच, असं कळवायची कुणाची छाती होईना. मग तो सुरू झाला. 'सैनिक-शेतकरी स्नेहबंध.' फलक लागले, त्यावर मनोजचा फोटो, हातात रोपांची जुडी.

मग फोन सुरू झाले. लागवडीचा मोसम, मजुरांची मारामार, आणि इकडे लष्कर फुकट माणसं देतंय. छावणीच्या गेटावर सरपंच उभे राहू लागले. कुणी बागायतदार म्हणे, कांदा झाला असेल तर द्राक्षाच्या विरळणीला पाठवा. एकाने लग्नात वाढपी म्हणून मिळतील का विचारलं. हर्षालीला देवळ्याहून कुसाबाईचा, तिच्या अहिराणी बोलणाऱ्या आत्याचा फोन आला.

"हर्षू, टीव्हीवर दखं मी. तुना फौजी कांदा लावतस ना? आमनं वावर तसंच पडेल शे. दहा जन धाडी दे, जेवन मी करसू."

"आत्या, ते असे घरी मागवता येत नाहीत."

"मंग त्या सायखेडावालाले कसा भेटनात?"

याचं उत्तर प्रेस नोटमध्ये होतं, पण आत्याला प्रेस नोट वाचून दाखवण्याची सोय नव्हती. हर्षालीने रेंज गेल्याचं सोंग केलं आणि फोन ठेवला. नंतर बराच वेळ तिला स्वतःचीच लाज वाटत राहिली. आत्याने तिला अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

तो हंगाम छावणीने वावरात काढला. कवायतीच्या मैदानावर गवत वाढलं. जवान रोपं फार खोल लावतात अशी तक्रार आली, तेव्हा एका कॅप्टनला खास त्यावर नेमलं गेलं. त्याने पट्टी घेऊन खोलीचं प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. दर आठवड्याला हर्षाली फोटो काढून वर पाठवायची, आणि वरून शाबासकी यायची. व्हिडिओबद्दल आता कुणी एक अक्षर विचारत नव्हतं.

एकट्या मनोजला मात्र छावणी विसरली नव्हती. त्याची बदली लडाखला झाली. कारण म्हणून 'प्रशासकीय निकड' असं लिहिलं होतं. बदली सबनीसांनी काढली होती. हर्षाली ब्रिगेडियर साहेबांकडे गेली. "सर, आपल्या फलकावर त्याचा फोटो आहे."

"फोटो इथंच राहील ना, मेजर," साहेब शांतपणे म्हणाले. "फोटोची बदली कुठं केलीय?"

ती त्याला निरोप द्यायला बराकीपर्यंत गेली. दोन वर्षं शब्दांवर पगार घेणारी बाई, पण त्या पोरासमोर एक धड वाक्य जुळेना. शेवटी तीच म्हणाली, "माझ्यामुळे झालं हे. तुला मी माईकसमोर उभं केलं."

"तुमच्यामुळं नाय मॅडम. मी तोंड उघडलं म्हनून." मनोजने ट्रंक उचलली. मग जरा हसून म्हणाला, "बापाला आनंद झालाय. म्हनला, जा, बर्फात कांदा तरी व्हत नाय."

चैत्र लागला. कांदा काढणीला आला, आणि त्या वर्षी भावही बरा निघाला. सबनीसांनी एक टेम्पो सायखेड्याला धाडला, माल भरून आणायला. टेम्पो रिकामा परत आला. ड्रायव्हरने सांगितलं, खंडेरावाने पाणी पाजलं, विचारपूस केली आणि म्हणाला, साहेबांचा पिकाशी संबंध नाय, आपन सरकारच्या इरुद्ध कसं जायाचं?

दुसऱ्या दिवशी सबनीस स्वतः गेले. तिथं काय झालं हे बाहेर आलं नाही, पण तिथून परतले ते सरळ हर्षालीच्या ऑफिसात. दार लावून घेतलं. त्यांच्या बुटांना माती लागली होती, आणि या प्रकरणात त्यांच्या बुटांना माती लागल्याची ही पहिलीच वेळ असावी.

"हर्षाली, त्या नोटमध्ये थोडी सुधारणा करावी लागेल."

"जरूर, सर." तिने कॉम्प्युटर सुरू केला. "काय लिहू?"

"म्हणजे... जमिनीत माझं काही हित आहे, असं. सौम्य शब्दांत."

"'कर्नल सबनीस यांचा सदर जमिनीशी संबंध आहे.' एवढं पुरेल?" तिने टाईप करून स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. "हे मुख्यालयात पाठवावं लागेल, सर. मग तिथून विचारतील की संबंध आहे तर नावावर का नाही. शेतकरी नसताना जमीन कशी घेतली. जवान कुणाच्या कामाला होते. त्याची उत्तरं तुमच्या सहीने लागतील. माझी सही आधीच्या नोटवर आहे."

सबनीसांनी ते वाक्य दोनदा वाचलं. बाहेर कुणीतरी स्नेहबंधाच्या पुढच्या फलकासाठी खिळे ठोकत होतं. "तू देवळ्याची ना?" त्यांनी एकदम विचारलं.

"हो सर. घरी कांदाच आहे."

ते उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "पुसून टाक ते."

तिने पुसलं. त्यांच्या पाठीकडे पाहताना तिला आनंद व्हायला हवा होता, आणि थोडा झालाही. पण बर्फात उभा असलेला पोरगा आठवला आणि तो विरला. इकडे खंडेरावाने कांदा विकला, पत्र्याची खोली पाडून विटांची बांधायला घेतली.

जूनमध्ये सबनीस निवृत्त झाले. स्नेहबंध उपक्रमाचे शिल्पकार म्हणून वरून त्यांना प्रशस्तिपत्र आलं. निरोपाच्या जेवणाला त्यांनी पुण्यात फ्लॅट बघितल्याचं सांगितलं, तिसऱ्या मजल्यावर.

त्याच आठवड्यात हर्षालीने जनसंपर्कातून सुटका मिळावी, परत सिग्नल्समध्ये पाठवावं, असा अर्ज केला. तो फेटाळला गेला. तुझ्याइतकं चांगलं हे काम कुणाला जमत नाही, असं साहेबांनी तोंडी सांगितलं. तिने दुसरा अर्ज केला. या वेळी कारण खरं लिहिलं: जे घडलं नाही ते घडल्यासारखं लिहिण्याचा मला कंटाळा आला आहे, आणि एका जवानाला शिक्षा झाली ती माझ्यामुळे. नोकरी जाईल असं वाटलं. देवळ्याला फोन करून तिने आत्याला तसं सांगूनही ठेवलं.

"ये ना मंग घर," आत्या म्हणाली. "वावर शे आपलं."

तीन दिवसांनी अर्ज परत आला. ब्रिगेडियर साहेबांनी तिचं कारण आडव्या रेघेने खोडलं होतं. त्या जागी सुबक अक्षरात 'कौटुंबिक' असं लिहिलं होतं आणि खाली अर्ज मंजूर केला होता.