कापलेला पट्टा

"या पट्ट्याला नावं ठेवू नकोस बाई. लाकूड दिसायला असतं. बाळाला धरून ठेवतो तो हा पट्टाच," असं मला घडवणारे सुतारकाका एकदा म्हणाले होते. ते लाकडाशी बोलत बोलत काम करायचे, म्हणून शेजारचे दुकानदार त्यांना हसायचे. मीही हसले. नुकतंच माझ्या अंगाला पॉलिश झालं होतं आणि त्यावर तो काळा, जाडाभरडा नायलॉनचा पट्टा मला मुळीच आवडला नव्हता. मी त्यांचं बोलणं हसण्यावारी नेलं.

मित्रांनो, मी बाळांना जेवायला बसवायची एक जुनी उंच खुर्ची आहे. माझी गोष्ट ऐकायला बसलाच आहात तर आधीच सांगते, मी चिडलेली आहे. लाकूड कधी चिडतं का, असं तुम्ही म्हणाल. माझ्यासारखं चार पायांवर उभं राहून मुकाट्याने सगळं बघावं लागलं, की चिडतं.

एका पाडलेल्या शाळेच्या बाकांमधून माझा जन्म झाला. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला अजून कुणीतरी कर्कटकाने कोरलेलं अर्धं गणित आहे. सुतारकाकांनी ते मुद्दाम तासलं नाही. माझा पट्टा कंबरेवरून जायचा, त्याचा एक तुकडा बाळाच्या पायांमधून वर यायचा आणि प्लॅस्टिकच्या बकलात टक्‌ करून बसायचा. पहिल्या घरात मी दोन भावंडं वाढवली. दात शिवशिवले म्हणून धाकट्याने माझी पुढची फळी इतकी चावली, की ती आज उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. मग ती मुलं मोठी झाली, आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात, पाय वर करून, एका मोडक्या पंख्याच्या मिठीत जाऊन पडले.

तिथून मला मालकीणबाईंनी आणलं. गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांचं दोन खोल्यांचं कॅफे आहे. तिथे गाईम्हशीचं दूध नाही. रोज सकाळी मागच्या खोलीत कॉफी करणारा दादा ओट भिजवतो, वाटतो आणि फडक्यातून पिळून त्याचं दूध काढतो. उरलेला कॉफीचा चोथा कुंड्यांत जातो. कागदी कप नाहीत, प्लॅस्टिकच्या नळ्या नाहीत. मला बघून मालकीणबाई गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायच्या, "हिच्यासाठी एकही नवं झाड तोडलेलं नाही." मी फुशारून जायची. ही कामं खोटी नव्हती, हे मी आजही म्हणेन. माझा राग ओटच्या दुधावर नाही.

एक दिवस कुणीतरी माझा फोटो काढून सगळ्यांना दाखवला आणि खाली लिहिलं, 'प्लॅस्टिकमुक्त म्हणे! मग हे बकल कसलं?' मालकीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी कात्री घेतली. दादा हातातला पेला खाली ठेवून म्हणाला, "मॅडम, ते प्लॅस्टिक कामाचं आहे. राहू द्या."

"समोर आई बसलेली असते ना? मग पट्टा हवा कशाला?" असं म्हणून त्यांनी पट्टा कापला.

त्याच्या जागी तागाची फीत आली. ती फक्त कंबरेभोवती यायची आणि पुढे तिचं छान फूल बांधायचं. नवा फोटो निघाला. लोकांनी वाहवा केली. आणि मित्रांनो, खरं सांगायचं तर मीसुद्धा खूश झाले. आरशात बघता आलं असतं, तर दिवसभर बघत बसले असते. कापलेला पट्टा दादाने कचऱ्यात टाकला नाही, चमच्यांच्या खणात मागे सरकवून ठेवला. कशाला, ते मला तेव्हा कळलं नाही.

मग एक आई आली. कडेवर दहा महिन्यांची मुलगी होती, जिला सगळे ढमी म्हणायचे. सोबत नणंद होती. बाळाला गाईचं दूध सोसत नव्हतं, म्हणून आईनेही ते सोडलं होतं. बाहेर बसून निर्धास्तपणे कॉफी प्यायची तिची हीच एक जागा होती. तिने आधी मला हलवून बघितलं, पाय डगमगतात का ते तपासलं, मग फितीचं एक टोक ओढलं. फूल लगेच सुटलं. तिने मालकीणबाईंना बोलावून शांतपणे दाखवलं.

मालकीणबाई हसल्या. एवढं घाबरून मुलं वाढत नाहीत, त्यांना मोकळं सोडायला शिका, असं काहीतरी समजुतीच्या सुरात बोलल्या. आईने आपल्या पर्सचा लांब पट्टा काढला, ढमीच्या पायांमधून घेतला आणि माझ्या पाठीला दोनदा गुंडाळून कडीत अडकवला. तेव्हा नणंद म्हणाली, "आमची वहिनी ना, गॅसवरच्या पातेल्यालाही पट्टा बांधेल." शेजारच्या टेबलावरचे लोकही हसले. आईसुद्धा हसली, पण कान लाल होईपर्यंत.

त्यानंतर ती दर आठवड्याला यायची आणि दर वेळी पर्सचा पट्टा काढायची. दर वेळी कुणी ना कुणी काहीतरी बोलायचंच. कुणी विचारायचं, आज कुलूप नाही आणलं? एका आजोबांनी तर ढमीलाच विचारलं, तुला जामीन कधी मिळणार? सगळं प्रेमाने, गमतीत. पण माणूस किती दिवस हसून घेणार? एके दिवशी तिचा हात पर्सच्या कडीपर्यंत गेला, तिने आजूबाजूला बघितलं आणि हात मागे घेतला. फितीचं फूल मात्र तिने घट्ट आवळलं. मी सगळ्या सांध्यांतून करकरले, पण जुन्या खुर्चीच्या करकरण्याकडे कोण लक्ष देतं?

तेवढ्यात मालकीणबाई स्वतः कप घेऊन आल्या. फेसावर पान काढलं होतं. "आज ओटच्या दुधाला फेस कसा आलाय, तुम्हीच सांगा," म्हणत त्यांनी कप तिच्यापुढे धरला. आईने कप घ्यायला मान वळवली. ढमीच्या हाताशी फितीचं टोक लोंबत होतं. फीत दिसली की बाळ ओढणारच. तिने ती ओढली, फूल सुटलं, आणि ढमी ते पान धरायला उभी राहिली.

ती माझ्यावरून पडली. मित्रांनो, मला हात आहेत, पण ते नुसते टेकायचे. मला तिला धरता आलं नाही.

ढमीच्या गळ्याखालचं हाड मोडलं. तिला उचलून आई आणि नणंद रिक्षाकडे धावल्या, पर्स तिथेच राहिली. रिक्षा गल्लीच्या टोकाला पोहोचलीही नसेल, इतक्यात मालकीणबाई शेजारच्या टेबलाला म्हणाल्या, "आईचं लक्ष कुठे होतं कुणास ठाऊक." आणि जे लोक महिनाभर ती फार लक्ष देते म्हणून हसत होते, त्यांनी माना डोलावल्या.

कुठे होतं लक्ष? मी सांगते, मालकीणबाई. तुम्ही पुढे केलेल्या कपात होतं. एक क्षण होतं. त्या एका क्षणासाठीच सुतारकाकांनी पट्टा लावला होता. तो तुम्ही कापलात, का तर फोटो चांगला यावा. ओट कुठल्या शेतातले आहेत हे विचारणाऱ्या एकाही माणसाने, बाळ कशाने बांधलंय हे विचारलं नाही. जिने विचारलं, तिची तुम्ही सगळ्यांनी चेष्टा केली. आणि मी? ज्या फितीने घात केला, ती लेवून मी मिरवत होते. माझा निम्मा राग माझ्यावरच आहे.

मला दाराबाहेर ठेवलं, माझ्यावर नेच्याची कुंडी ठेवली. लोक तिचेही फोटो काढायचे.

आठ दिवसांनी नणंद एकटीच पर्स न्यायला आली. मालकीणबाईंनी तिला एक कॉफी आमच्याकडून म्हणून आग्रह केला. तिने कपाला हातही लावला नाही. दादाने ढमीची चौकशी केली, तेव्हा म्हणाली, "ढमी बरी होतेय. वहिनीचं काही खरं नाही. रात्रंदिवस तिला मांडीवरून खाली ठेवत नाही, कुणाशी बोलत नाही. माझंच चुकलं, एवढंच म्हणत बसते." मग पर्स खांद्याला लावत म्हणाली, "मीच जास्त हसायचे तिला."

दादाने त्याच दिवशी कुंडी खाली उतरवली आणि मला आत आणलं. खणातून पट्टा काढला, कापलेल्या जागी जाड दोऱ्याने चार-चार टाके घातले, स्क्रू पिळले आणि दोन्ही हातांनी ओढून बघितलं. मालकीणबाई दारात ओठ आवळून उभ्या होत्या, पण त्यांनी अडवलं नाही. टक्‌ असा आवाज झाला. या आवाजाला मी एके काळी नाक मुरडायची.

ती आई अजून आलेली नाही. मला दार दिसतं, पण त्यापलीकडे जाता येत नाही. मित्रांनो, तुम्हाला जाता येतं. तुमच्या घरात किंवा शेजारी एखादी आई, मावशी, वहिनी असेल, जी दहादा कडी तपासते, दूध किती गरम आहे ते पुन्हा पुन्हा मनगटावर बघते, आणि सगळे जिला घाबरट म्हणून हसतात. आज तिच्याकडे जा. 'बरी आहेस ना?' एवढंच विचारा. ती हसून 'हो' म्हणेल. तरी लगेच निघू नका, थोडा वेळ तिच्याजवळ बसा.