सात की नऊ

सोमवारी कारखान्याची माणसं मॅन्युअल न्यायला येणार होती, आणि गुरुवारी सकाळी सुलक्षणा परबच्या लक्षात आलं की मॅन्युअलचा आणि प्रोग्रॅमचा आता एकमेकांशी काही संबंधच उरलेला नाही.

अंधेरीच्या एमआयडीसीतली ती छोटी कंपनी. साल सत्त्याऐंशी. बॉयलरमधला दाब वाढला की झडप उघडायची, उतरला की मिटायची, हे काम करणारा प्रोग्रॅम भीमराजने वर्षभर खपून लिहिला होता. महिन्यापूर्वी त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी वाचन बंद केलं, आणि सगळं येऊन पडलं सुलक्षणाच्या गळ्यात. टाइप केलेलं मॅन्युअल जानेवारीतलं. त्यानंतर प्रोग्रॅम कितीदा तरी बदलला, पानं तशीच राहिली.

"परत टाइप करायला पंधरा दिवस लागतील गं," टायपिस्ट रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "आणि काय टाइप करायचं, ते कोण सांगणार?"

सुलक्षणाला भीमराजची एक सवय माहीत होती. प्रोग्रॅमच्या प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर तो दोन-चार ओळी लिहून ठेवी: हे काय करतं, का करतं, कुठला आकडा कशासाठी. मग माणसाने कशाला टाइप करायचं? मशीनलाच वेचू दे की त्या ओळी! दिवसभर बसून तिने एक छोटी कमांड लिहिली. नाव दिलं ‘पुस्तक’. तिच्यापुढे फाइलींची नावं द्यायची. ती टिपणं आणि आकडे उचलणार, प्रकरणं पाडणार, पानांना नंबर घालून प्रिंटरकडे पाठवणार.

पहिल्या खेपेला तीनच पानं आली. एका टिपणाच्या शेवटी ते संपल्याची खूण घालायची राहिली होती, त्यामुळे त्याने पुढचं सगळं गिळलं. ते सुधारलं, आणि शुक्रवारी दुपारी प्रिंटर करकरत सुटला तो थांबेचना. कडेला भोकं असलेल्या सलग कागदाची घडी वीतभर उंच झाली.

"झकास!" रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

पण जुनं आणि नवं शेजारी ठेवून वाचताना सुलक्षणा एका आकड्यापाशी अडली. जुन्यात झडप नऊच्या दाबाला उघडत होती. नव्यात सातला. गेल्याच आठवड्यात तिने त्याच फाइलीत दुरुस्ती केली होती. आपलंच बोट चुकलं असेल तर?

साहेब श्यामकांत यांनी दोन्ही पानं पाहिली. "नवाचे सात तू केलेस?"

"आठवत नाही, सर. खरंच आठवत नाही."

"मग भीमराजला विचारून ये. हे बॉयलर आहे, सुलक्षणा."

कागदाची घडी मांडीवर घेऊन बसने भीमराजच्या घाटकोपरच्या घरी पोचेपर्यंत तिने मनातल्या मनात राजीनामासुद्धा लिहून टाकला. दार भीमराजच्या बायकोने, लताने उघडलं. काळा चष्मा लावून तो खाटेवर बसला होता. सुलक्षणाने पान वाचून दाखवलं.

"सातच," तो लगेच म्हणाला. "फेब्रुवारीत चाचणी घेतली तेव्हा आठच्या पुढे सांध्यातून वाफ गळायला लागली. मीच बदलला आकडा. फाइलीच्या अगदी तळाशी बदलांची यादी आहे, बघ."

तळाशी! तिची कमांड फक्त डोक्यावरची टिपणं उचलत होती; तळाच्या यादीखाली प्रोग्रॅमचा तुकडाच नव्हता, म्हणून ती वगळली गेली होती. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून तिने ऑफिसला फोन लावला. पलीकडे श्यामकांत कीबोर्ड बडवत होते. मग आवाज आला, "आहे गं. चौदा फेब्रुवारी. नऊचा सात. खाली भीमराजचं नाव."

सुलक्षणाने फोन ठेवला आणि ती तिथल्या स्टुलावर बसली. केमिस्टने न विचारताच पाणी पुढे केलं.

ती परत आली तेव्हा लताने चहा टाकला होता. "वहिनी, साखर जास्त घाला," ती म्हणाली, आणि तिला उगाचच हसू फुटलं. उद्या यादी उचलण्यासाठी दोन ओळी वाढवायच्या, की झालं. जुनं मॅन्युअल हातात घेऊन कुणीतरी तो बॉयलर चालवला असता, हे मनात येताच मात्र तिचं हसू ओसरलं.

भीमराज कागदाच्या घडीवरून हात फिरवत होता. "एवढं सगळं मी लिहिलं होतं?"

"तुम्हीच. मी फक्त छापलं."

"महिना झाला, एक ओळ वाचली नाही बघ. घाई नाही ना तुला? पहिल्या पानापासून वाच."

सुलक्षणाने पाय वर घेतले आणि पहिलं पान उघडलं.