च्युइंगमच्या पोत्यावरची चिठ्ठी

मित्रांनो, ही १९७८ सालची गोष्ट. मी एक जुने यंत्र आहे. च्युइंगमचा लगदा मळणे हे माझे काम. पोलादी पोट आणि त्यात फिरणारे दोन वाकडे हात, एवढाच माझा संसार. पोटात आधी पडायचा चिवट गम. पूर्वी तो झाडाच्या चिकापासून करत, पुढे रबरासारखा, कारखान्यात बनवलेला येऊ लागला. तो मऊ राहावा म्हणून मेणासारखी पांढरी भुकटी, मग पिठीसाखर, ग्लुकोजचा पाक आणि शेवटी पुदिन्याचा अर्क.

मला ताई चालवत. पोते रिकामे झाले की त्यावरची, आत काय आहे ते सांगणारी चिठ्ठी त्या माझ्या कडेच्या तारेत ओवून ठेवत. दुपारी त्यांचे सासरे डबा घेऊन येत. त्यांनी तंबाखू सोडली होती. तोंडाला चाळा म्हणून ते कापताना उरलेले तुकडे चघळत. मांसमच्छीला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता.

"सूनबाई, यात काही तसलं नाही ना?" ते रोज विचारत.

"नाही हो मामंजी, जनावराचं काही नाही."

वेष्टनावरही तसेच छापलेले होते.

एके दिवशी एक चिठ्ठी साखरेत पडली. ती पुसताना ताईंनी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली. भुकटी गुरांच्या चरबीची होती. त्यांनी तारेवरच्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. तीन वर्षे तेच. भुकटी बदलली तरी पोत्याचा रंग जुनाच, म्हणून कोणी वाचले नव्हते. ताईंनीसुद्धा.

चिठ्ठ्या बघून मुकादम हसले. "अहो, चिमूटभर तर पडते! आणि लोक चघळून थुंकतातच की."

"मग तसं छापा वेष्टनावर."

"नोकरी जड झालीय का, ताई?"

ताईंनी माझे बटण बंद केले. पोटातला लगदा घट्ट होऊ लागला. तेवढ्यात डबा आला. गप्प राहता आले असते. पण ताईंनी चिठ्ठी मामंजींना वाचून दाखवली.

त्यांनी तोंडातला तुकडा काढून कागदात गुंडाळला.

"मी रोज विचारत होतो."

"हो मामंजी. मी न वाचताच सांगत होते."

ती पुडी त्यांनी मुकादमांपुढे ठेवली. मग मुकादमांना म्हणाले, "माझं काय, दोनच दात उरलेत. पण आणखी कोणी विचारत असेल, त्याला तरी खरं सांगा." आणि डबा उघडत म्हणाले, "सूनबाई, आधी जेव. भांडायला बळ लागतं."

जेवून ताई चिठ्ठ्या घेऊन मालकांकडे गेल्या. मालकांनी एकेक चिठ्ठी वाचली. त्यांनाही ते नवीनच होते. वेष्टनावरची ओळ त्याच आठवड्यात गेली. वनस्पतीच्या तेलाची भुकटी यायला मात्र पाऊण वर्ष लागले. माझ्या पोटातला लगदा दगड झाला होता. तो छिन्नीने फोडताना पोटाला पोचा पडला. तो पोचा अजून आहे.

मुकादम पुढे बिस्किटांच्या कारखान्यात गेले. मालकांच्या जागी त्यांची लेक आली. मामंजींनी च्युइंगम पुन्हा तोंडात घातले नाही. ज्येष्ठमधाची काडी चघळत ते शेवटपर्यंत डबा आणत राहिले. फक्त प्रश्न बदलला: "आज वाचलंस का?" ताई निवृत्त झाल्या, आणि मी गोदामाच्या कोपऱ्यात आले नाही, आणले गेले.

मला पुसले नाहीत तरी चालेल, मित्रांनो. पण माझ्या जागी आलेल्या यंत्राच्या कडेला तार नाही. तेवढी कोणीतरी बांधा.