आमचा हिसाब झाला

मंडणगडच्या सभागृहात पंखा होता, पण लावायची गरज नव्हती. खालच्या दरीतून वारा येत होता आणि नव्या शिक्षकांच्या वह्यांची पानं आपोआप उलटत होती. सगळे शिक्षणसेवक, नोकरीला अजून वर्षही न झालेले. पगार, कपात, निवृत्तिवेतन एकदा नीट समजावून सांगायला विस्तार अधिकारी नम्रता मॅडम फळ्यापाशी उभ्या होत्या.

"तीन वर्षं मानधन. सोळा हजार. मग वेतनश्रेणी," मॅडम म्हणाल्या.

मागच्या बाकावरून गौरवने हात वर केला. तो यवतमाळचा. इथल्या घाटात त्याला गाडी लागायची, पण बोलणं थांबायचं नाही. "मॅडम, म्हणजे लग्नही मानधनावरच करायचं का?"

"जिला चालेल तिला विचार बाबा. माझी काही हरकत नाही."

हशा झाला. दुसऱ्या रांगेत खिडकीपाशी बसलेली कौसरही हसली. तिची शाळा मंडणगडपासून आत, कातळावरच्या एका वाडीत होती. सतरा मुलं आणि एक आंब्याचं झाड. पोरं तिला 'कौसरबाई' म्हणायची आणि ती दर वेळी मागे वळून बघायची, कोण बाई आल्या म्हणून.

मॅडम पुढे सांगत होत्या. नियमित झालात की पगारातून दहा टक्के कापले जातील, सरकार चौदा टक्के घालेल, ते साठत जाईल. जुन्या गुरुजींना मिळतं तसंच आपल्याला मिळणार असं आत्ताच धरून चालू नका, त्यात आता पर्याय आलेत, ते वेळ आली की बघू. कौसर लिहून घेत होती. तिच्या अब्बांचं अक्षर तिच्या हातात उतरलं होतं, थोडं डावीकडे कललेलं.

"आता एक गोष्ट," मॅडम म्हणाल्या, "जी कोणी विचारत नाही, कारण जीभ रेटत नाही. नोकरीत असताना शिक्षक गेला तर?"

गौरवही सरळ बसला. वारा तेवढा चालू राहिला.

"आधी या नव्या, कपातीच्या योजनेतल्या माणसाच्या घरच्यांना साठलेली रक्कम मिळायची आणि विषय संपायचा. दोन हजार तेवीसमध्ये ते बदललं. आता कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. बायकोला, दर महिन्याला, ती आहे तोवर. त्याच्याही आधी जे गेले, त्यांच्या घरच्यांनासुद्धा. फक्त मिळालेल्या रकमेतला सरकारचा हिस्सा परत करायचा."

कौसरचं पेन थांबलं.

"ही माहिती द्यायला आम्ही घरोघर गेलो. मी तेव्हा दापोलीला होते. आणि काय सांगू तुम्हाला!" मॅडमना आत्ताच हसू यायला लागलं होतं. "एका घरी आम्ही सगळं सांगितलं. पैसे परत करायचे म्हटल्याबरोबर ती बाई ताडकन उठली. म्हणाली, आमचा हिसाब झाला, आता या घरात परत यायचं नाही. सरकारी ओळखपत्र दाखवलं, तर म्हणते, असली ओळखपत्रं बाजारात मिळतात! आम्हाला चोर ठरवून बाहेर काढलं. बरं, चोरांना आधी कोकम सरबत पाजलं होतं!"

सगळे खळखळून हसले. गौरवने बाकावर थाप मारली.

कौसरच्या कानात दर्या गरजत होता. ती दोन माणसं तिला दिसली. घामाघूम झालेल्या, पदराने चेहरा पुसणाऱ्या एक बाई, सोबत फाईल घेतलेले एक गृहस्थ. अंगणात आंब्याला मोहर आलेला. सरबताचे पेले तिनेच नेले होते. अम्मी दारात उभी राहून म्हणाली होती, आमचा हिसाब झाला. आणि कौसरने मागून कडी लावली होती.

चहाच्या सुट्टीत ती मॅडमपाशी गेली.

"मॅडम, ते घर कुठलं होतं?"

"कुठलं गं?"

"सरबताचं."

"आंजर्ल्याच्या खाडीकडचं. का?"

"दारात शेवगा होता?"

मॅडमच्या हातातला पेला ओठांपर्यंत गेला नाही. त्यांनी कौसरकडे पाहिलं, मग तिच्या छातीवरच्या पट्टीवरचं पूर्ण नाव वाचलं. कौसर इद्रीस. त्या खुर्चीत बसल्या.

"इद्रीस सरांची मुलगी तू?" त्यांनी पेला खाली ठेवला. "आणि मी हसून सांगत होते गं..."

"अजून अर्ज होईल, मॅडम?"

"करायचाच. मी येते तुझ्या अम्मीकडे. चोर म्हणाली तरी येते."

*

दापोलीच्या एस.टी.त कौसरला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेरचं काही दिसलं नाही.

अब्बा गेले तेव्हा ती दहावीत होती. शाळेतून येताना मोटरसायकलवरच छातीत कळ आली आणि ते रस्त्याच्या कडेला गाडी नीट उभी करून, चावी खिशात घालून, तिथेच बसले. पुन्हा उठले नाहीत. अम्मी इद्दतीत घरात बसली. चार महिने दहा दिवस तिने उंबरठा ओलांडायचा नव्हता. म्हणून कुवेतहून आलेला जुनेद चाचा कचेरीत फेऱ्या मारायचा. चाचा तिकडे पाण्याचा टँकर चालवायचा. त्याच्या जगात नोकरी सुटली की कंपनी एकदाच काय ते देते, माणूस सही करतो आणि त्यानंतर कुणाचं कुणाकडे काही उरत नाही. अब्बांचे पैसे त्याने पै न् पै अम्मीच्या हातात ठेवले आणि इद्दत संपल्यावर परत निघताना खाडीच्या धक्क्यावर बजावलं, "भाभी, आता हिसाब झाला. यानंतर कोण पैशाचं बोलत आलं, तर समजायचं लुबाडायला आलाय. तिकडे अशी किती माणसं फसतात ते मी बघतो."

त्यानंतर दोन चुली त्याच्या एका पगारावर पेटल्या. त्याची बायको-पोरं शेजारच्या सोप्यात, कौसर आणि अम्मी या सोप्यात. अम्मी बाजारात पापलेटासमोर कधी उभी राहिली नाही. बांगडे घ्यायची, तेही दीर काय म्हणेल असा चेहरा करून, आणि दीर तर समुद्रापलीकडे. तांदूळ निवडताना ती गुणगुणायची, स्वतःच जुळवलेलं काहीतरी:

दर्यापल्याड दीर माझा, उन्हामध्ये त्याचा गाव
त्याच्या घामाच्या थेंबावर, माझ्या चुलीचं गं नाव

*

"लवकर आलीस?" अम्मी म्हणाली. कौसरची ही अम्मी, कुलसुम, मागच्या पडवीत विळीवर कोलंबी सोलत बसली होती. मांजर तिच्या पदराशी. "चेहरा का असा? साळेत कोण काय बोललं?"

"अम्मी, हात धू."

"का गो? झालं काय?"

"धू आधी."

कौसरने सगळं सांगितलं. नियम बदलला ते, दर महिन्याचं ते, परत करायच्या हिश्श्याचं ते. आणि शेवटी, ती माणसं खरी होती, हे.

कुलसुमने हात धुतलेच नाहीत. किती मिळतील, हे तिने विचारलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे ती बाई चोर नव्हती?"

"नाय अम्मी. सायबीण होती. आज आम्हाला शिकवत होती."

"मी तिला भर उन्हात हाकलली."

"हो."

"तेव्हा मोहर होता." कुलसुम स्वतःशी जुळवत होती, जशी गाणं जुळवायची. "मोहर होता. मग रमजान. रमजानात जुनेदभाईंनी तिकडची नोकरी दोन वर्षं वाढवून घेतली. फोनवर म्हणाले, भाभी, मन नाय, पण दोन घरं हायत. आणि मग श्रावणात..."

ती थांबली.  कौसरचं मन अजून तिथवर पोचलंच नव्हतं.

त्या श्रावणात दादी गेली होती. जुनेदचाचाला रजा मिळाली नाही. आईचा जनाजा त्याने फोनवर पाहिला. पाऊस इतका होता की पडद्यावर नुसत्या छत्र्या दिसत होत्या, आणि तो पलीकडून पुन्हा पुन्हा म्हणत होता, जरा खाली धरा फोन, जरा खाली धरा, मला आय दिसत नाय.

कोलंबीच्या ताटात मांजराने तोंड घातलं. कुणीच त्याला हाकललं नाही.

"त्याला सांगायचं नाय," कौसर म्हणाली. "अम्मी, चाचाला हे सांगायचं नाय. तो मरेल."

"उद्या रविवार," कुलसुम म्हणाली. "तिकडे शुक्रवार-शनिवार सुट्टी, उद्या जुनेदभाईंच्या कंपनीचं ऑफिस उघडेल. पुढच्या दोन वर्षांची सही हाय उद्या. साखर वाढलीय, पायाला जखम, बूट घालता येत नाय. नाय सांगितलं तर सही करतील."

*

दिवस बुडाला, मगरीबची नमाज झाली आणि नेहमीप्रमाणे चाचाचा फोन आला. पडद्यावर त्याची खोली, भिंतीला टांगलेला शर्ट, आणि पांढरी दाढी.

"काय कौसरबाई! झालं का शिक्षण? सरकारने श्रीमंत केलं की नाय?"

"चाचा, अम्मीला देते."

"भाभी, सलाम. उद्या सही करतोय. शेवटची, बघा. यानंतर..."

"सही करू नका," कुलसुम म्हणाली.

तिचा आवाज कौसरने असा कधी ऐकला नव्हता. दिरासमोर ती नेहमी पदराआडून बोलायची.

"काय झालं?"

"मला इद्रीसची पेन्शन मिळणार हाय. दर महिन्याला. माझ्या नावावर. सरकारचा हिस्सा तेवढा परत भरायचा. मोहराच्या वेळी ती दोन माणसं आलती, मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. ती खरी होती."

पलीकडे जुनेद हसला. "काय पण! कोण म्हणतो?" मग हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि मागून डोळे बदलत गेले. "कुठला मोहर?"

"दोन वर्षांमागचा."

 टांगलेला शर्ट पंख्याच्या वाऱ्याने हलत होता. कौसरला दिसत होतं, त्याचे ओठ नुसतेच हलत होते, मोहर, रमजान, श्रावण. मग तो म्हणाला, "म्हणजे आय गेली तेव्हा... मी इथे असायचं कारणच नव्हतं?"

कुलसुमने फोन दोन्ही हातांत धरला.

"ऐका जुनेदभाई. त्यांना मी हाकललं. माझं डोकं ते. तुम्ही मला असं काय कधी सांगितलं नव्हतं."

"सांगितलं होतं."

"नाय."

"बोटीच्या धक्क्यावर सांगितलं होतं, भाभी. हिसाब झाला म्हणालो होतो."

"मला आठवत नाय."

"तुम्हाला सगळं आठवतं. तुम्हाला आयच्या तोंडची जुनी लग्नातली गाणी आठवतात."

"हे नाय आठवत," कुलसुम म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र जागच्या जागी होता. "आणि आयला खांदा द्यायला मोहल्ला होता. चिखलात माणूस मावत नव्हता. माझ्या घरासाठी तुम्ही तिथे होता, हे तिला ठाऊक होतं. शेवटी म्हणालीसुद्धा, जुनेदला जेवण नीट मिळतं का विचार. रागावली नव्हती. मी जवळ होते."

जुनेदने दाढीवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. मग तो पडद्याबाहेर गेला. नुसती भिंत आणि शर्ट. कौसर फोन बंद करणार होती, अम्मीने तिचा हात धरला. पलीकडे नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ पाणी वाजत राहिलं.

परत आला तेव्हा तोंड ओलं होतं.

"कौसर."

"हां, चाचा."

"सरकारचा हिस्सा परत करायचा म्हणजे कुठे भरायचा, विचारून ठेव. कंपनी माझा हिसाब करेल ना, त्यातून भरू. तुझ्या अम्मीने एक बांगडी विकायची नाय."

"चाचा, ते तुझे..."

"बाई झालीस म्हणून मला शिकवू नको." त्याने तो टांगलेला शर्ट खुंटीवरून काढला, घडी घातली, आणि घडी घातलेला शर्ट हातात घेऊन कुठे ठेवावा ते न कळल्यासारखा उभा राहिला. "आणि त्या सायबीणबाई परत येतील तेव्हा..."

"सरबत देऊ," कुलसुम म्हणाली.

"बसवून ठेवा. मला त्यांच्यापुढे उभं राहायचं हाय. मी आलो की मग जाऊ दे त्यांना."

फोन बंद झाला. कुलसुम पडवीत गेली. ताटात कोलंबीची नुसती सालं उरली होती आणि मांजर मिशा चाटत शेवग्याखाली बसलं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला रडू फुटलं, मोठ्याने, अंगणभर, आणि शेजारच्या सोप्यातून चाची अनवाणी धावत आली, काय झालं, काय झालं म्हणत.

"तुझा नवरा येतोय," कुलसुम म्हणाली.